सतरा किलोमीटर कमी

अँब्रोज पुडिस्टर मंगळवारी सकाळी साडेसहाला गेला, आणि दुपारच्या जेवणाआधीच कंपनीने त्याच्या मुलीला कळवलं की तो पुरेसा लांब गेलेला नाही.

लांब म्हणजे किती, तर फोर्ट मॅकमरेच्या विमानतळापासून सेंट जॉन्सच्या विमानतळापर्यंत तीन हजार नऊशे त्र्याऐंशी किलोमीटर. नियमाला चार हजार लागत होते.

"सतरा कमी पडतायत," डॅरिल कोस्त्युक म्हणाला. खाण कामगारांच्या कॅम्पमध्ये येण्याजाण्याची सोय बघणारा तो माणूस. त्याच्या टेबलावर प्लास्टिकचं एक निवडुंग होतं आणि तो त्याला पाणी घालायचा. डॅरिल वाईट नव्हता, आणि नोरीनला नेमकं तेच झोंबत होतं. वाईट माणसावर ओरडता तरी येतं. डॅरिलवर ओरडलं की तो मान हलवून "बरोबर आहे तुमचं" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही.

नोरीन पुडिस्टर चौतीस वर्षांची होती. त्यातली नऊ वर्षं ती इथे, अल्बर्टाच्या तेलाच्या खाणीत चारशे टनी डंपर चालवत होती. चौदा दिवस काम, मग सात दिवस घरी, न्यूफाउंडलंडला. आज चौदातला तिसरा दिवस होता. शनिवारपर्यंत बाप तिच्यासमोर बसून चहा पीत होता.

"नियम पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"जवळचं माणूस गेलं की दोन दिवस रजा. अंत्यविधी चार हजार किलोमीटरच्या पलीकडे असेल तर प्रवासाचे आणखी दोन. तुमचं अंतर त्याच्या आत आहे. विमानाचा वेळ पाच तास सहा मिनिटं. म्हणजे त्याच दिवशी पोचता."

"कुठलं विमान?"

"अं?"

"पाच तास सहा मिनिटांत जाणारं. कुठल्या फाटकातून सुटतं ते? नऊ वर्षं मी हा प्रवास करतेय, मला कुणी बोललं नाही."

डॅरिलने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारं पान उघडं होतं. नकाशावर एक वाकडी रेघ, आणि रेघेवर एक छोटंसं विमान मोठ्या आत्मविश्वासाने उभं.

"तसं थेट विमान नाहीये," तो म्हणाला. "हा सरळ रेषेतला हिशोब आहे."

"सरळ रेषेत कोण जातं?"

डॅरिलने प्रामाणिकपणे विचार केला. "बदकं जात असतील."

"मी बदक आहे का?"

"नाही. बरोबर आहे तुमचं."

खरा प्रवास असा होता : कॅम्पपासून नव्वद किलोमीटर बस, मग टोरांटो, तिथे खुर्चीत सहा तास, मग सेंट जॉन्स, मग गाडी. दारापासून दारापर्यंत एकोणीस तास, तेही धुकं नसेल तर. अंत्यविधी शुक्रवारी सकाळी अकराला. गुरुवार-शुक्रवार अशी दोन दिवसांची रजा घेतली तर शनिवारी सकाळी सहाला डंपरवर हजर व्हायचं. त्यासाठी परतीचं विमान शुक्रवारी पहाटे पाचला.

"म्हणजे बापाला पुरायच्या सहा तास आधी मी निघायचं," नोरीन म्हणाली. "चार हजार किलोमीटर जायचं, त्याला हात करायचा आणि परत फिरायचं."

"तीन हजार नऊशे त्र्याऐंशी," डॅरिल म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलेलं दिसलं.

"माझं घर विमानतळात नाही! स्कल्पिन कोव्हला आहे, विमानतळाच्या दक्षिणेला चाळीस किलोमीटर. घरापर्यंत मोजा."

डॅरिलने मोजलं. मोजायला त्याची कधीच ना नसायची. "चार हजार आठ."

"झालं तर मग!"

"पण नियम विमानतळ ते विमानतळ आहे. अंत्यविधीला सगळ्यात जवळचा विमानतळ धरायचा. तुमच्या घरच्यांनी अंत्यविधी विमानतळावर ठेवला असता तरी हेच अंतर धरलं असतं."

"मेलेल्या माणसाला विमानतळावर ठेवतं का कुणी?"

"नाही. तसं कुणी करत नाही."

"मी राजीनामा देते."

डॅरिलने दुःखी चेहऱ्याने दुसरा कागद काढला. राजीनाम्यानंतर किल्ल्या, हेल्मेट, बूट जमा करायचे, खोलीची तपासणी, मग डॉक्टरची. डॉक्टर सोमवारी यायचा. "सोमवारी दुपारी मोकळ्या व्हाल," तो म्हणाला. "त्याआधी बसमध्ये घेत नाहीत."

"चालत जाईन."

"नव्वद किलोमीटर आहे, मिस पुडिस्टर. अस्वलं आहेत. आणि चालत जाण्याचा फॉर्म वेगळा आहे."

नोरीनने टेबलाची कड इतकी घट्ट धरली की निवडुंग हललं. "आणि धुकं? सेंट जॉन्सला विमान उतरलंच नाही तर?"

डॅरिलचा चेहरा एकदम उजळला. "धुक्याचा नियम फार चांगला आहे! युनियनने गेल्या वर्षी भांडून घेतला. कामावर परत येताना तिकडे धुकं असेल तर कितीही दिवस माफ. पुरावा नको, काही नको, फोनवर सांगितलं तरी चालतं."

"आणि जाताना असेल तर?"

"जाताना धुकं म्हणजे तुमचा घरगुती प्रश्न."

मग त्याने रजेचा फॉर्म भरायला घेतला, दोन दिवसांचा. निधनाची वेळ विचारली. नोरीनने साडेसहा सांगितली. न्यूफाउंडलंडचं घड्याळ शेजाऱ्यांपेक्षा अर्धा तास पुढे असतं, आणि कंपनीच्या यादीत अर्ध्या तासाचं घड्याळच नव्हतं. डॅरिलने शेजारच्या प्रांताचं निवडलं. अशा रीतीने कागदोपत्री अँब्रोज पुडिस्टर अर्धा तास जास्त जगला. कंपनीने त्याच्यासाठी एवढी एक गोष्ट केली.

बाहेर आल्यावर नोरीनने थंड पेयांच्या मशीनला लाथ घातली. मशीनमधून संत्र्याचा एक डबा खाली पडला. नऊ वर्षांत त्या मशीनने कधी कुणाला फुकट काही दिलं नव्हतं. तिने तो डबा रागारागाने संपवला आणि घरी फोन लावला.

फोन बर्निस आत्याने उचलला. बर्निस म्हणजे अँब्रोजची धाकटी बहीण. तिने एकतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं होतं, आणि समोरचा माणूस कोण आहे हे न बघता त्याला रांगेत उभं करायची सवय तिला तिथेच लागली होती.

"कधी निघतेयस, पोरी? तुझ्या बापाला पुढच्या खोलीत ठेवलाय. निळा स्वेटर घातलाय. कोट म्हणजे शिक्षा म्हणायचा ना तो, म्हणून नाही घातला. स्वयंपाकघरात बावीस माणसं आहेत आणि साखर संपलीय."

नोरीनने सगळं सांगितलं. सांगताना आवाज चिरकला, त्यामुळे ती आणखी चिडली.

बावीस माणसं चहा प्यायची थांबली की ते फोनवरसुद्धा ऐकू येतं.

"सतरा किलोमीटर?" आत्या म्हणाली. "कोण गं तो मेला? दे त्याला फोन."

"तो मेला नाहीये आत्या, तेच तर! मेला असता तर त्याला रजा मिळाली असती."

"शुक्रवार हलवता येत नाही गं. फादर टोबिनकडे चार गावं आणि एक गाडी. शुक्रवारी संध्याकाळी पाचला त्यांचं विमान आहे, बिशपच्या बैठकीला चाललेत, दोन आठवडे नाहीत. आणि यादी तर तुला माहितीये."

यादी नोरीनला माहीत होती. अँब्रोजने ती दोन वर्षांपूर्वीच कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली होती. शवपेटी सहा जणांनी उचलायची. गावात आता धडधाकट अशी सहा माणसं जमवणं म्हणजे मोहीमच होती, कारण बाकीचे सगळे अल्बर्टात डंपर चालवत होते. यादीत पहिलं नाव होतं : पुढचा डावा कोपरा, नोरीन. त्याखाली बापाने कंसात लिहिलं होतं, 'ती येईपर्यंत उचलू नये.'

तो स्वतः विमानात कधी बसला नाही. पण नऊ वर्षं दर खेपेला त्याने तिला विमानतळावर सोडलं. सोडून निघून जायचा नाही. गाडी पार्किंगमध्ये लावून, विमान ढगात शिरेपर्यंत बसून राहायचा. आणायला यायचा तेव्हाही दोन तास आधी. एकदा धुक्यात विमान अडकलं तर नऊ तास थांबला होता, आणि ती बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "आलीस? चल, बटाटे निवले असतील." अल्बर्टा किती लांब, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "दोन सँडविच आणि एक झोप." सँडविच तोच करून द्यायचा, बलोनी सॉसेज आणि मोहरीची. पहिलं टोरांटोच्या आधी, दुसरं टोरांटोनंतर, आणि झोप मधल्या खुर्चीत. नोरीनला नऊ वर्षांत याहून अचूक मोजमाप कुठे सापडलं नव्हतं.

"नोरीन," फोनवर आता दुसरा आवाज आला. हा लिअँडर, चुलत भाऊ. त्याच्याकडे दोन माणसांचं, पाण्यावर उतरणारं एक विमान होतं. त्यातलं एक आसन सेलोटेपने चिकटवलेलं होतं. "नियमात काय म्हटलंय? सगळ्यात जवळचा विमानतळ?"

"हो."

"आणि विमानतळ म्हणजे काय, ते कुठे लिहिलंय?"

"डॅरिलच्या त्या पानावर जो दिसतो तो विमानतळ. दुसरी व्याख्या नाही."

"मी अकरा वर्षं चर्चमागच्या तळ्यावर उतरतोय. विमान उतरतं तो विमानतळ. पानावर नसेल तर तो पानाचा गाढवपणा. थांब जरा." तेच पान उघडत असल्याची टकटक ऐकू आली. "हे बघ, खाली लिहिलंय : तुमचा विमानतळ आमच्या यादीत नाही? आम्हाला कळवा."

"मग कळव की!" आत्या ओरडली. "वाट कसली बघतोस, पावसाची?"

त्या दुपारी पुढच्या खोलीत अँब्रोज निळ्या स्वेटरमध्ये पडला होता आणि स्वयंपाकघरात बावीस माणसं त्याचा विमानतळ बांधत होती. धावपट्टी : पाणी. लांबी : बदकं हटवली तर सहाशे मीटर. दिवे : चर्चच्या मागच्या दाराचा एक. प्रवासी कक्ष : बर्निसचं स्वयंपाकघर. नाव काय द्यायचं यावर कुणाचाच वाद झाला नाही. फक्त लिअँडरने नावापुढे 'आंतरराष्ट्रीय' घातलं तेव्हा आत्याने आंतरराष्ट्रीय कशाला म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "मागच्या वर्षी एक आइसलँडचं बदक उतरलं होतं."

बुधवारी सकाळी नोरीन डॅरिलसमोर जाऊन उभी राहिली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"अंत्यविधीला सगळ्यात जवळचा विमानतळ बदललाय," ती म्हणाली. "शोधा. अँब्रोज पुडिस्टर आंतरराष्ट्रीय."

डॅरिलने टाइप केलं. पडद्यावर तीच वाकडी रेघ आली, तेच आत्मविश्वासाचं विमान. चार हजार आठ किलोमीटर. पाच तास आठ मिनिटं. ते पान यंत्राने आपलं आपण भरलेलं होतं, आणि यंत्राला काही कमी पडू द्यायचं नसतं. खाली लिहिलं होतं : अँब्रोज पुडिस्टरला भेट देण्याचा उत्तम काळ, जून ते सप्टेंबर. जवळपासची हॉटेलं, शून्य. भेट दिलेल्या प्रवाशांचं मत, अजून कुणी भेट दिलेली नाही.

नोरीन त्या ओळींकडे बघत राहिली. जूनच चालू होता. ती तीन-चार दिवसांपूर्वीच तिथून निघाली होती. शेवटच्या सकाळी तिने त्याला घाईत सांगितलं होतं, दोन कशाला, एकच सँडविच दे. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"हा विमानतळ परवा नव्हता," डॅरिल सावकाश म्हणाला.

"परवा माझा बाप होता. बदल होत असतात."

डॅरिलने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली : चार दिवस मंजूर. नोरीनने श्वास सोडला. अर्धा श्वास सुटला असेल, तेवढ्यात यंत्र तिकीट शोधायला गेलं, आणि पट्टी लाल झाली. 'या विमानतळाला जाणारं कोणतंही विमान नाही. प्रवास अशक्य. प्रवास अशक्य असल्याने रजेची गरज नाही. रजा रद्द.'

"दोन दिवससुद्धा गेले," डॅरिल खोल आवाजात म्हणाला.

आता मात्र नोरीनचं डोकं सणकलं. तिने त्याचा पडदा दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे फिरवला. "ऐक, डॅरिल. सेंट जॉन्सला इथून थेट विमान आहे?"

"नाही."

"तरी पाच तास सहा मिनिटं धरलीत ना माझ्या डोक्यावर? नसलेल्या विमानात बसवलंत ना मला? मग याच नसलेल्या विमानात बसव! एकीकडे नसलेलं विमान चालतं आणि दुसरीकडे नसलेलं विमान चालत नाही? तुमच्या यंत्राला माणूस पोचू नये एवढंच हवंय, तर तसं लिहा की नियमात! स्वच्छ लिहा! निदान बापाला वेळेत सांगता आलं असतं, की तू मरू नकोस, तू सतरा किलोमीटर अलीकडे आहेस!"

मागच्या रांगेत सात माणसं उभी होती. सातही जण डॅरिलकडे बघत होते.

डॅरिलने या वेळी "बरोबर आहे तुमचं" म्हटलं नाही. त्याने निवडुंगाकडे पाहिलं. पडदा हळूच परत स्वतःकडे वळवला, कुठेतरी खाली खाली गेला आणि एक चौकोन शोधून काढला : प्रवासाचं साधन. त्यात बस होती, विमान होतं, बोट होती, आणि कोण जाणे कुठल्या काळापासून, घोडा होता. सगळ्यात शेवटी होतं 'अन्य'. डॅरिलने 'अन्य'वर खूण केली. पट्टी पुन्हा हिरवी झाली.

"बस वीस मिनिटांत आहे," तो म्हणाला. "फक्त अंत्यविधीचा दाखला त्याच दिवशी पाठवा. फादरची सही आणि ठिकाण. ठिकाण महत्त्वाचं."

नोरीन धावली. पहिलं सँडविच कॅन्टीनचं होतं आणि त्याला कशाचीच चव नव्हती. टोरांटोचं विमान उशिरा पोचलं, पुढचं चुकलं, खुर्चीतली झोप लागली नाही. गुरुवारी दुपारी ती सेंट जॉन्सवर पोचली. म्हणजे वर. खाली धुकं होतं, दुधाच्या पातेल्यावर साय धरावी तसं, आणि विमान त्यावर चाळीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं. मध्येच दक्षिणेचं वळण घेतलं तेव्हा तिने हिशोब केला, की आपण आता बरोबर गावावर असणार. सरळ रेषेत मोजलं तर बाप तीन किलोमीटरवर होता. कंपनीच्या नियमाप्रमाणे ती पोचली होती.

मग वैमानिकाने हॅलिफॅक्सला जात असल्याचं गोड आवाजात सांगितलं.

शुक्रवारी सकाळी हॅलिफॅक्सच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "काळजी करू नका, सेंट जॉन्स इथून फक्त दीड तास."

"कुणाचा दीड तास?" नोरीनने विचारलं. "तुमचा, माझा की बदकाचा?"

बाईने बराच वेळ पडद्यात पाहिलं आणि तिला जेवणाचं कुपन दिलं.

साडेदहा वाजता नोरीनने आत्याच्या मोबाइलवर फोन लावला. "आत्या, पुरा त्याला. मी नाही पोचत. कोपरा लिअँडरला द्या."

"यादीत तसं नाही," आत्या म्हणाली.

"यादी गेली खड्ड्यात!"

"तोंड सांभाळ. मी एकतीस वर्षं लोकांचे कागद पोचवलेत, आता भावाचा चुकवू? ऐक. फादर टोबिनना विमानतळावर जायचंय, पाचचं विमान. तेही धुक्यामुळे सुटतंय की नाही, देव जाणे, पण ते तिथेच बसणार. तुला विमानतळावर यायचंय. म्हणजे देणारा विमानतळावर, घेणारी विमानतळावर. राहिलं कोण?"

नोरीनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणून आम्ही त्याला घेऊन आलोय," आत्या म्हणाली. "नऊ वाजल्यापासून पार्किंगमध्ये आहोत. ये सावकाश."

विमान तीन वाजता उतरलं. नोरीन बाहेर आली तेव्हा धुक्यात पिकअप गाड्यांची रांग उभी होती, आणि लिअँडरच्या गाडीच्या मागच्या भागात, जुन्या गोधडीखाली, तिचा बाप. नेहमीची जागा. डावीकडून तिसऱ्या खांबाजवळ, जिथून फाटक नीट दिसतं. पिवळं जॅकेट घातलेला पार्किंगचा माणूस आत्यासमोर उभा होता, आणि प्रकरण बरंच तापलेलं होतं.

"बाई, मी तिसऱ्यांदा सांगतोय. या भागात फक्त प्रवाशाला घ्यायला आलेल्यांनी थांबायचं."

"मग तोच तर आलाय घ्यायला!" आत्याने शवपेटीवर हात आपटला. "त्याची पोरगी येतेय अल्बर्टाहून. नऊ वर्षं तो इथेच थांबतो, तुझ्या आधीच्याला विचार. बाकी आम्ही सगळे त्याला सोबत म्हणून आलोय. काढ आम्हाला. त्याला काढून दाखव!"

पिवळ्या जॅकेटवाल्याने पेटीकडे पाहिलं, मग चाकांची बॅग ओढत येणाऱ्या नोरीनकडे पाहिलं. त्याने टोपी काढली. "आली वाटतं," तो म्हणाला, आणि जाऊन दुसऱ्या गाडीवर खेकसायला लागला.

फादर टोबिननी तिथेच पुस्तक उघडलं. एक डोळा पुस्तकात, एक फाटकावरच्या पाटीवर. त्यांच्या प्रार्थनेत मध्ये मध्ये लाउडस्पीकर घुसत होता : आपलं सामान बेवारस सोडू नका. तिसऱ्या वेळी आत्याने मान वर करून त्याला सुनावलं, "इथे कुणी बेवारस नाही!" आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं, त्यामुळे ते प्रार्थनेतलंच वाटलं.

नोरीन रडली नाही. तिचा राग अजून विमानातून उतरला नव्हता. ती पेटीच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आले. बटाटे निवले असतील."

दाखल्यावर फादरनी सही केली. ठिकाण लिहिताना त्यांचं पेन थांबलं.

"स्कल्पिन कोव्ह लिहा, फादर," लिअँडर म्हणाला. "पुरायचं तिथेच तर आहे."

"विधी इथे झाला," फादर म्हणाले. "मी मेलेल्या माणसाबद्दल खोटं लिहीत नाही. जिवंत माणसांबद्दल एकवेळ." आणि त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : सेंट जॉन्स विमानतळ, पार्किंग. आत्याने, पोस्टातली बाई ती, कागद आला की तो तुंबवून ठेवायचा नाही या सवयीने, लगेच फोटो काढला आणि कंपनीला पाठवून दिला.

दक्षिणेच्या रस्त्याला लागल्यावर धुकं विरळ होत गेलं. गावात पोचेपर्यंत आभाळ धुतल्यासारखं झालं. टेकडीवरच्या खड्ड्यापर्यंत सहा जणांनी पेटी वाहिली, पुढचा डावा कोपरा नोरीनचा. चारशे टनांचा डंपर ती दोन बोटांनी वळवायची. हा कोपरा तिला दोन्ही हातांनी जड गेला. पेटी खाली गेली, तिने मूठभर माती उचलली, आणि फोन वाजला.

"मिस पुडिस्टर, वाईट वाटतंय हे सांगताना," डॅरिल म्हणाला. "दाखला आला. ठिकाण विमानतळाचं पार्किंग आहे. त्यामुळे अंतर पुन्हा तीन हजार नऊशे त्र्याऐंशी झालं. या वेळी तर अगदी बरोब्बर, घरापर्यंतचा फरकसुद्धा नाही. यंत्राने जादा दिवस काढून घेतलेत. उद्या सकाळी सहाला हजर व्हायचं, असं दाखवतंय. नाहीतर काम सोडून गेल्याची नोंद."

"कितीत पोचते म्हणतंय मी?"

"पाच तास सहा मिनिटांत."

नोरीनच्या मुठीतून माती गळायला लागली. चार दिवसांत तिने जे जे ओरडायचं होतं ते ओरडून झालं होतं. राग होता, पण आता तो थंड आणि टणक झाला होता, हातात धरता येईल असा.

टेकडीवर शेहेचाळीस माणसं तिच्याकडे बघत उभी होती. खाली चर्चमागचं तळं चकाकत होतं, अँब्रोज पुडिस्टर आंतरराष्ट्रीय, आणि त्यावर दोन बदकं उतरत होती. पलीकडे समुद्र. समुद्राच्या पार टोकाला एक हिमनग उभा होता, वीसएक किलोमीटरवर, इतका स्वच्छ की त्याच्या भेगा मोजता आल्या असत्या.

"डॅरिल," ती म्हणाली, "इकडे धुकं आहे."

आत्याने वळून हिमनगाकडे पाहिलं.

"परतीच्या वाटेवर," ती म्हणाली.

"दाट?" डॅरिलने जपून विचारलं.

"मला माझा हात दिसत नाहीये. आत्या, तुला दिसतोय का माझा हात?"

"कोण बोलतंय?" आत्या चढ्या आवाजात म्हणाली, डोळे हिमनगावर. "कुठेयस तू, पोरी?"

डॅरिलच्या बाजूने टकटक ऐकू आली. "धुक्याला पुरावा लागत नाही," तो म्हणाला. "किती दिवस राहील, काही अंदाज? इथे लिहावं लागतं. नाहीतर 'सांगता येत नाही' असाही एक चौकोन आहे."

"त्यावर कर खूण," नोरीन म्हणाली. तिने फोन बंद केला, मूठ खड्ड्यात मोकळी केली आणि लिअँडरच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.